नळाचे पाणी हाही मजुरीचाच भाग

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फाल्गुन सरून चैत्र लागला की कवीला पालवी दिसते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडच्या वस्तीतील गृहिणीला मात्र पहिल्याप्रथम दिसते ती नळाची बारीक झालेली धार. उपनगरांतील वसंत ऋतू हा असा हिशेबाचा ऋतू आहे. सामान्यतः फेब्रुवारीत आयुक्त महानगरपालिकेचा अर्थसंकल्प मांडतात. मार्चअखेरीस तो मंजूर होतो आणि त्याच सुमारास सरत्या वर्षाचा शिल्लक निधी संपविण्याची धांदल उडते. मार्च ते मे या काळात नाल्यांतील गाळ उपसला जातो, पालिकेच्या शाळांत नवी नावे नोंदविली जातात आणि तलावांतील साठ्याचे आकडे रोज वर्तमानपत्रांत झळकू लागतात. पावसाळ्यात कोणाच्या घरात पाणी शिरणार आणि उन्हाळ्यात कोणाच्या घरात ते येणार नाही, हे बहुतांशी याच तीन महिन्यांत ठरून जाते.

असे असूनही पुरोगामी चळवळीतील पुष्कळशा कार्यकर्त्यांना नागरी प्रश्न दुय्यम वाटतात. वेतनवाढ, बोनस, महागाई भत्ता हे वर्गलढ्याचे विषय, आणि गटार, नळ, दवाखाना हे नगरसेवकाच्या किरकोळ कामाचे विषय, अशी एक उतरंड मनात रुजलेली असते. ही उतरंड अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. कामगाराचे खरे वेतन त्याच्या हातात पडणाऱ्या रोख रकमेवर जितके अवलंबून असते, तितकेच ते त्याला पैसे न मोजता अथवा अल्प दरात मिळणाऱ्या सार्वजनिक सेवांवर अवलंबून असते. पालिकेच्या शाळेत मूल शिकले तर खाजगी शाळेची फी वाचते. पालिकेच्या रुग्णालयात बाळंतपण झाले तर सावकाराचे दार टळते. नळाला पुरेसे पाणी आले तर टँकरचे पैसे उरतात. अर्थशास्त्रात याला सामाजिक वेतन म्हणतात. म्हणून नळाचे पाणी तोडणे ही वेतनकपातच होय. फरक एवढाच की या कपातीची नोटीस कारखान्याच्या फाटकावर लागत नाही आणि तिच्याविरुद्ध संपही पुकारता येत नाही.

या कपातीचे एक साधे गणित मांडून पाहावे. पालिकेच्या नियोजनात दीर्घकाळ इमारतीतील रहिवाशाला दररोज माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीतील रहिवाशाला ४५ लिटर पाणी असा हिशेब धरण्यात आला. म्हणजे पाच माणसांच्या एका कुटुंबाला ६७५ लिटर, तर रस्त्यापलीकडच्या तेवढ्याच कुटुंबाला २२५ लिटर. हे पाणीही अवेळी आणि दूरच्या नळावर आले, आणि त्यासाठी घरातील एका बाईचे रोजचे दोन तास गेले, असे समजा. महिन्याचे साठ तास होतात. म्हणजे आठ तासांच्या दिवसाप्रमाणे साडेसात दिवसांची मजुरी. ही मजुरी कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही. घरकाम करणारी, खाजगी कारखान्यात पॅकिंगला जाणारी किंवा फुटपाथवर भाजी विकणारी ही बाई दर महिन्याला साडेसात दिवस पाण्यासाठी बिनपगारी राबते आणि तिच्या या श्रमावर शहराचा गाडा चालतो.

हा भेद आकस्मिक नाही. त्याला इतिहास आहे. १८८८ च्या कायद्याने मुंबईच्या महानगरपालिकेची घडी बसविली, तेव्हा मुंबई म्हणजे माहीम-शीवच्या अलीकडचे बेट होते. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये उभे राहिले ते या बेटाची तहान भागविण्यासाठी. विहार आणि तुळशी हे तलाव तर साष्टीतच आहेत. पण त्यांच्या भोवतालच्या गावांच्या वाट्याला त्यांचे पाणी आले नाही. १९५० साली अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली. १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतची आली. त्यानंतर वस्तीचा ओघ उत्तरेकडे वळला. १९६१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख आणि उपनगरांची सुमारे १३.८ लाख होती. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३०.८५ लाख, तर उपनगर जिल्ह्यात ९३.५७ लाख माणसे मोजली गेली. पन्नास वर्षांत शहर जवळजवळ जागीच राहिले आणि उपनगरे जवळपास सातपट झाली. सेवा मात्र त्या प्रमाणात सरकल्या नाहीत. पालिकेची तीन जुनी वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये, म्हणजे नायर, के. ई. एम. आणि शीव, ही तिन्ही शहरातच आहेत. उपनगरांत पालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय कूपर रुग्णालयाला जोडून सुरू झाले ते २०१५ मध्ये. उपनगरे बृहन्मुंबईत आल्याला तोवर पासष्ट वर्षे झाली होती.

उपनगरांना जे मिळाले ते मागून, भांडून आणि निवडून येऊन मिळाले. १९४८ साली पालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकाराने झाली आणि भाडेकरू, मजूर, मोलकरीण यांचे मत पालिकेच्या दारात पोहोचले. मृणाल गोरे यांचे कार्य याच मार्गाने वाढले. गोरेगावच्या ग्रामपंचायतीत काम केल्यानंतर १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. हंडे-कळश्या घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनी पालिकेवर नेले आणि 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनीच त्यांना दिले. १९७२ मध्ये विधानसभा आणि आणीबाणीनंतर १९७७ मध्ये लोकसभा, असा त्यांचा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. या प्रवासातून कार्यकर्त्याने घ्यावयाचा बोध असा की, लोकसभेपर्यंत जाणारी वाट नळकोंडाळ्यावरून गेली. ज्या बायका पाण्यासाठी रस्त्यावर आल्या, त्याच १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. नळाचा प्रश्न आणि धान्याच्या भावाचा प्रश्न त्यांच्या लेखी वेगवेगळे नव्हते, कारण दोन्हींचा भार एकाच चुलीवर पडत होता.

पुढच्या काळात या प्रश्नाचे स्वरूप पालटले. २००६-०७ मध्ये अंधेरी पूर्वेचा समावेश असलेल्या के-पूर्व विभागात पाणीवाटपाची नवी व्यवस्था लावण्याची योजना जागतिक बँकेच्या पुढाकाराने पुढे आली. सल्लागार कंपनी नेमली गेली, अहवाल सिद्ध झाले. वाटपाचे काम खाजगी कंपनीकडे सोपविण्याची ही पहिली पायरी आहे, हे नागरिकांच्या, वस्त्यांतील संघटनांच्या आणि पालिकेतील अभियंत्यांच्याही ध्यानात आले. २००७ साली जाहीर सभांत या योजनेला असा कडवा विरोध झाला की ती बासनात गुंडाळावी लागली. यानंतर २०१४ च्या सुमारास मुलुंड आणि वांद्रे पश्चिम येथे चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग मोठ्या गाजावाजाने हाती घेण्यात आला. कोट्यवधी रुपये खर्ची पडले. चोवीस तास पाणी काही आले नाही. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. खाजगीकरणाला विरोध करणे आवश्यक होते आणि तो यशस्वीही झाला. परंतु विरोध यशस्वी झाल्याने नळाला पाणी येत नाही. सार्वजनिक यंत्रणा सुधारण्याचा कार्यक्रम चळवळीने स्वतःच्या हाती घेतला नाही, तर दहा वर्षांनी तोच ठेकेदार निराळ्या नावाने दारात उभा राहतो.

याच काळातील एक निर्णय कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. ठराविक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी द्यावयाचे नाही, असे शासनाचे धोरण होते. पाणी हक्क समितीने त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवाडा दिला की, घर अनधिकृत आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. कारण पाण्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे. न्यायालयाने अधिकृत व अनधिकृत वस्तीला समान दराने व समान रीतीने पाणी द्या, असे म्हटले नव्हते, हेही लक्षात ठेवावे. तरीही तत्त्व मान्य झाले. त्यावर पालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर व्हावयास २०२२ चा मे महिना उजाडावा लागला. निवाडा आणि नळ यांच्यामधले अंतर साडेसात वर्षांचे निघाले. ज्या वस्तीत संघटना होती तिथे अर्ज भरले गेले. जिथे नव्हती तिथे धोरणाची वार्ताही पोहोचली नाही.

पालिकेजवळ पैसा नाही, हे कारण मुंबईत तरी कोणी सांगू नये. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील सुमारे ५८ टक्के रक्कम भांडवली कामांसाठी होती. २०२२ साली पालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटी रुपयांच्या पुढे होत्या. प्रश्न पैशाच्या अभावाचा नसून अग्रक्रमाचा आहे. समुद्रकिनाऱ्याचा रस्ता आणि डोंगराखालचा बोगदा यांची छायाचित्रे छापून येतात; जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढविणाऱ्या पंपाचे छायाचित्र कोणी छापत नाही. याला आर्थिक पराधीनतेची जोड मिळाली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. जकातीतून पालिकेला वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत. जकातनाक्यावरील भ्रष्टाचाराचे कोणी समर्थन करणार नाही. पण तो पालिकेच्या स्वतःच्या हक्काचा कर होता. आता त्याच्या जागी राज्य सरकारकडून भरपाई येते. ज्याच्या हातून पैसा येतो त्याच्या इच्छेकडे पाहण्याची सवय लागते, हे कुटुंबात जितके खरे तितकेच पालिकेतही खरे.

'आम्ही कर भरतो आणि झोपडपट्टीवाले फुकट पाणी पितात,' अशी तक्रार उपनगरांतील मध्यमवर्गीय सोसायट्यांतून ऐकू येते. तिची टवाळी करून भागणार नाही. तिला उत्तर दिले पाहिजे. अधिकृत जोडणी असलेला झोपडीधारक पाण्याचे बिल भरतो. अधिकृत जोडणी नसलेला त्याहून कितीतरी पट पैसे दलालाला किंवा टँकरवाल्याला मोजतो. आणि मालमत्ताकराचे म्हणाल, तर २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या अधिकृत सदनिकांनाही त्यातून सूट मिळाली आहे. अप्रत्यक्ष कर तर साबणाच्या वडीपासून प्रत्येक जण भरतो. शिवाय टँकर हा आता केवळ झोपडपट्टीचा प्रश्न उरलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये भूजलविषयक नियमांच्या प्रश्नावरून टँकरमालकांनी संप पुकारला, तेव्हा मोठमोठ्या सोसायट्यांचेही हाल झाले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन विहिरी, कूपनलिका आणि टँकर ताब्यात घेण्याची तयारी पालिकेने दाखविताच काही दिवसांत संप मिटला. सरकारने मनावर घेतले तर पाण्याच्या बाजारावर सार्वजनिक नियंत्रण आणता येते, हा धडा त्या आठवड्याने दिला. संप मिटला आणि धडाही विसरला गेला. सोसायटी आणि वस्ती यांचा शत्रू एकच आहे, हे पटवून देण्याची संधी मात्र कार्यकर्त्यांनी दवडता कामा नये.

७ मार्च २०२२ रोजी महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणूक झाली तोवर चार अर्थसंकल्प निर्वाचित सभागृहाच्या चर्चेवाचून संमत झाले होते. या काळात काय घडले ते पाहावे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी मार्ग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला होता. पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळत नसल्याचे दिसले. पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची मोठी जलवाहिनी फुटली आणि अंधेरी पूर्वेसह उपनगरांचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याविना राहिला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्याने जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. पालिकेच्या नियमात ४० फूट लांबी-रुंदीची मर्यादा असताना तो फलक १२० फुटांचा होता. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून परवानगीची गरज नाही, असा दावा होता. एवढा फलक दोन-चार दिवसांत उभा राहत नाही. तो हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत उभा होता. त्यासंबंधी कोणत्या दारात जाऊन जाब विचारायचा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

निर्वाचित सभागृह असते तर हे सारे टळले असते, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. स्थायी समितीत टक्केवारीचे हिशेब होत, नालेसफाईचा गाळ कागदावरच उपसला जाई, हे मुंबईकर पिढ्यान्पिढ्या ऐकत आला आहे. तरीही फरक आहे. नगरसेवकाला प्रभागातून चालत जावे लागते आणि पाच वर्षांनी परत त्याच दारात उभे राहावे लागते. प्रशासकाला यांपैकी काहीच करावे लागत नाही. सभागृह नसताना प्रभागांतील कामांचा निधी आमदारांच्या मागणीवरून व पालकमंत्र्यांच्या मान्यतेने देण्याची प्रथा पडली. तो निधी सत्तापक्षाच्या आमदारांनाच मिळाला आणि विरोधकांच्या वाट्याला काही आले नाही, हे २०२४ च्या आरंभी वृत्तपत्रांनी उजेडात आणले. ज्या वस्तीने विरोधी आमदार निवडला, तिच्या गटाराला पैसा नाही, असा त्याचा अर्थ. मतदानाबद्दल नागरिकाला दंड करणारी ही रीत लोकशाहीत बसत नाही.

निवडणूक झाली, सभागृह आले, म्हणून काम संपले असे समजणे घातक ठरेल. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. पण एकेका समितीच्या कक्षेत लाखो माणसे आहेत आणि सामान्य रहिवाशाला तिथे आवाज नाही. क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली. ती कागदावरच राहिली. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी रहिवासी व पालिका यांचा संयुक्त प्रयोग झाला आणि तो मुंबईभर पसरला. या प्रयोगाचे मोल मोठे आहे. पण तो मुख्यतः सोसायट्यांपुरता राहिला. वस्त्यांना अशी मान्यताप्राप्त जागा मिळवून देणे, क्षेत्रसभा प्रत्यक्षात आणणे, ही राजकीय मागणी झाली पाहिजे.

या वसंतात कार्यकर्त्याने काय करावे? त्याने आपल्या विभाग कार्यालयाचा अर्थसंकल्प मिळवावा. सहजी मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावा. पाणी, मलनिस्सारण, दवाखाने, शाळा यांपुढचे आकडे काढून वस्तीच्या बैठकीत फळ्यावर लिहावेत. चैत्र-वैशाखात पाच-दहा घरांतील बायकांकडून रोज पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, किती हंडे भरले याची वही ठेवून घ्यावी. व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला कोणाच्या सांगण्यावरून चावी फिरवतो, हे त्या वहीतून आपोआप उमगते. जलअभियंत्याच्या पुढ्यात घोषणेपेक्षा अशी वही जड पडते. नालेसफाईच्या वेळी गाळाच्या वजनकाट्याच्या पावत्या मागाव्यात आणि उपसलेला गाळ कोठे गेला हे विचारावे. मिठी नदीच्या गाळासंबंधी २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, तो याच प्रश्नावरून. पालिकेच्या शाळेत पटनोंदणी चालू असताना तिथे जाऊन उभे राहावे. पट घटला की शाळा बंद करण्याचा प्रस्ताव येतो आणि सामाजिक वेतनाचा आणखी एक तुकडा गळतो.

एक गोष्ट शेवटी सांगणे अगत्याचे आहे, कारण ती सोयीची नाही. मुंबईला दररोज येणारे सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी बहुतांशी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून येते. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईचे नळ त्यांच्या उंबऱ्यावरून जातात. आता गारगाई धरणाची योजना आहे. तिच्यात आणखी गावे आणि जंगल जाणार. उपनगरांतील कामगाराला पाणी हवे, म्हणून आदिवासीचे गाव बुडवा, असे म्हणणारा समाजवाद हा समाजवाद नव्हे. जलवाहिन्यांतून गळणारे व चोरीला जाणारे पाणी आधी अडवा, असलेल्या पाण्याची न्याय्य वाटणी करा, सांडपाणी शुद्ध करून उद्यानांना आणि उद्योगांना द्या, आणि ज्यांच्या भूमीतून पाणी येते त्यांना पहिला पेला द्या, असा क्रम मागितला पाहिजे. हा क्रम लावल्यावरही पाणी कमी पडले, तर नव्या धरणाची चर्चा शहापूरच्या बाईला समोर बसवून व्हावी.

कारखान्याच्या फाटकावर वेतनाचा करार होतो तेव्हा कामगारांचा प्रतिनिधी टेबलाशी बसलेला असतो. पालिकेचा अर्थसंकल्प हाही वेतनाचाच करार आहे आणि तो दर फाल्गुनात होतो. त्या टेबलाशी ठेकेदाराची खुर्ची नेहमीच मांडलेली असते. दुसरी खुर्ची भरावयाची तर वस्तीने आकडे हातात घेऊन विभाग कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या पाहिजेत, आणि तेही नळ कोरडा पडण्याच्या आत.